पान एकशे अठरा

गुरुवार. वीज नाही, चारला येईल म्हणतात.
पंखा नाही म्हणून खिडकी उघडी,
खिडकी उघडी म्हणून प्रुफं उडतायत,
आणि प्रुफांवर वजन म्हणून जे उचलावं
ते आधीच दुसरं काहीतरी दाबून बसलेलं:
कात्री, बामची बाटली, गॅसच्या पावत्या,
मागच्या दिवाळीच्या पणतीत तीन यू-पिना,
नंदनचा शाळेतला कंपास, नंदन आता हैदराबादला,
एक चष्मा, ज्यातून काहीच दिसत नाही
पण टाकवत नाही.

पुस्तक जुन्या वजनमापांवरचं आहे.
शेर, अधोली, पायली, खंडी.
लेखक भोरचे, निवृत्त. रोज संध्याकाळी फोन:
"कुठवर आलं?"
तीनदा वाचलंय. तिन्ही वेळा
डोळे ओळीवरून पुढे गेले आणि मी मागेच,
त्या पावत्यांपाशी.

मग आवरायला घेतलं.
तीन तास. टेबल पुसलं, दोनदा.
रद्दी सुतळीने बांधली, सुका कचरा खाली दिला,
पेनं सगळी एका मगात, टोकं खाली.
टेबल तपकिरी आहे
हे बऱ्याच वर्षांनी कळलं.

बसले.
तळजाईकडून वारा येत होता. समोर काहीच नव्हतं.
आणि त्या काहीच-नाहीमध्ये
एकेक गोष्ट नीट ऐकू यायला लागली.
वरच्यांचा गळका नळ.
इचलकरंजीहून बहीण,
"गाठ आहे म्हणतात, पण घाबरण्यासारखं नाही."
आणि माझाच आवाज, चांगला खणखणीत,
"एवढं पुस्तक हातावेगळं करते आणि येते."
हे फेब्रुवारीत.
पसारा होता तेव्हा हे सगळं
कशाच्या तरी खाली होतं.

"ओ ताई! एकशे अठरा तुमचंच का?"

खाली हौसाताई.
फाटकाशी ढकलगाडी लावून,
कात्रजच्या बसगाड्यांच्या धुरात
तिने ताडपत्री पसरली होती, आणि तीवर
चाळीस घरांचा कालचा दिवस.
हात चालू: दुधाच्या पिशव्या इकडे, पुठ्ठा तिकडे,
काच लांब, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या लांब.
मान वर नाही.
हॉर्न वाजतायत, कुत्रं हुंगून जातंय, मान वर नाही.
कागद तेवढा माझ्यापुढे धरला.
"कोपऱ्यात आकडा दिसला. आणि लाल खुणा.
टाकायचा कागद कुणी एवढा तपासत नाही."

पानावर कांद्याचं साल चिकटलेलं, चहाचा अर्धा गोल.
तिथेच उभी राहिले, एक चप्पल माझी, एक नंदनची जुनी,
आणि सातवी ओळ आपणहून डोळ्यांत आली:
चाळीस शेरांचे एक मन.

तीनदा वाचलं होतं मी हे.
तीनदा बरोबर वाटलं होतं.

मण. बाणातला ण.
खूण करायला पेन नव्हतं,
पेनं वर, मगात, टोकं खाली.
हौसाताईने ताडपत्रीवरून एक उचलून दिलं,
झाकण नसलेलं.
"चालतंय. बघितलंय मी."
कंपाउंडच्या भिंतीवर पान टेकवलं
आणि लगेच दुरुस्त केलं नाही.
जरा वेळ तसंच राहू दिलं, चुकीचं, चाळीस शेरांचं.

तोवर तिने माझा गठ्ठा हातावर तोलला.
"नऊ किलो."
काट्याने नऊच दाखवले, वर थोडे ग्रॅम.

भोरचा फोन वाजला. वाजू दिला.
मग जिन्यात बसून दुसरीकडे लावला.
"झालं का गं पुस्तक?" तिने विचारलं.
"नाही," म्हटलं. "सकाळची गाडी किती वाजता असते?"